मोहाच्या दिवसांत कोण झोपतं?

"तो दुपारी झोपतो का?"

चंद्रपूरच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला तेव्हा नरेश, त्याची आई आणि मी त्यांच्यासमोर बसलो होतो. त्याआधी त्यांनी नरेश रात्री किती झोपतो ते विचारलं होतं. त्यावर त्याची आई, जिला मीही मायच म्हणत असे, पटकन बोलून गेली होती, "मोहाचे दिवस हायेत साहेब. मोहाच्या दिवसांत कोण झोपते?" आणि मी मान डोलावली होती. मी, गडचिरोलीकडच्या धानोऱ्याच्या दवाखान्यातली लॅब टेक्निशियन, दिवसभर दुसऱ्यांच्या रक्तात आजार शोधणारी शहाणी बाई!

आमचा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळा लागला की मोहाची फुलं पडायला लागतात, आणि ती पडतात पहाटे. गुरं आणि अस्वलं पोचायच्या आत ती वेचावी लागतात. चार वाजता अख्खं गाव टोपल्या घेऊन आपापल्या झाडाखाली असतं. त्या दिवसांत कुणी दोनला उठला तर लोक त्याला कामसू म्हणतात. आजारी कुणी म्हणत नाही.

पण गाव दुपारी झोपतं. फुलं अंगणात वाळत घातली, भाकर खाल्ली की माणसं, कुत्री, कोंबड्या सगळे सावलीला आडवे होतात. नरेश आडवा होत नसे. त्या वर्षी नाही, त्याच्या आदल्या वर्षीही नाही. सगळं गाव घोरत असताना तो अंगणात उभा राहून मला पुढच्या दहा वर्षांचे बेत सांगत असे.

"नाई झोपत," माय हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "याला बायपोलर डिसऑर्डर म्हणतात," ते म्हणाले आणि साध्या शब्दांत समजावून सांगितलं. मन दोन टोकांना जातं. एक टोक मॅनिया. झोप येत नाही आणि ती नाही याचं वाईटही वाटत नाही, विचार धावत सुटतात, आपल्याला सगळं जमेल असं वाटतं. दुसरं टोक डिप्रेशन. अंथरुणातून उठणंही डोंगराएवढं होतं. मधे काही महिने माणूस अगदी पहिल्यासारखा असतो. कधी कधी ही टोकं ठरावीक ऋतूत येतात.

नरेशनं सगळं ऐकून घेतलं आणि हसला. "म्हंजे मी हंगामी हावो, मॅडम." मला तो मॅडमच म्हणायचा.

हे लिहिते आहे ते अशा आजाराच्या माणसावर जीव लावून बसलेल्यांसाठी. त्याचं नाव बदललं आहे, गावाचं लिहीत नाही. लिहू का म्हणून त्याला विचारलं. तो म्हणाला, "लिहिजो. पण मले लय चांगला दाखवू नोको."

त्याला डॉक्टरांकडे न्यायची वेळ आली ती झाडांमुळे. आमच्याकडे मोहाची झाडं घराघराची ठरलेली असतात. कुणाचं झाड कुठलं हे शेंबड्या पोराला माहीत असतं, त्याला पाटी लागत नाही. नरेश गावाच्या वनोपज केंद्रावर, जिथे जंगलातून वेचून आणलेला माल विकत घेतात, काम करायचा. त्या वर्षी त्यानं तीन दिवसांत गावच्या सगळ्या झाडांवर चुन्यानं नंबर टाकले. कुणाला विचारलं नाही. मग ग्रामसभेत उभा राहून चार तास बोलला. गावाचा मोह साऱ्या देशात कसा जाईल, कारखाना कुठे होईल, आणि कोणाचं झाड आता कोणाला मिळेल! एका म्हाताऱ्यानं आपल्या झाडावरचा चुना पुसला तेव्हा नरेश त्याच्या अंगावर धावून गेला. आयुष्यात त्यानं मोठ्या माणसाला अरेतुरे केलं नव्हतं. त्या दिवशी माय मला फोनवर म्हणाली, "बाई, हा माहा पोरगा नाई वाटून राह्यला."

मला मात्र तोवर तोच नरेश वाटत होता. खरं सांगायचं तर मी त्याच नरेशवर भाळले होते.

आमची ओळख सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराच्या, तपासणी शिबिरात झाली. शाळेच्या व्हरांड्यात मी टेबल मांडलं होतं आणि पोरं बोट टोचायच्या भीतीनं भोकाड पसरत होती. एक उंच माणूस रांग सोडून पुढे आला आणि त्यानं बोट समोर धरलं. "मॅडम, पह्यले माह्यं." टोचलं तर खो खो हसायला लागला. पोरं बघत राहिली आणि मग एकेक करून पुढे आली. शिबिर संपल्यावर त्यानं विचारलं, "माह्या रक्तात काय दिसलं?" मी म्हटलं, "काहीच नाही." तो म्हणाला, "मंग पुन्हा टोचा."

पुढच्या उन्हाळ्यात मी त्याच्याबरोबर पहाटे मोह वेचायला जायला लागले. हातमोज्यांची सवय असलेले माझे हात, पहिल्याच दिवशी मी निम्मी फुलं चिरडली. तो म्हणाला, "दाबू नोको. उचल." जंगलात पहाटे इतकं शांत असतं की फूल पालापाचोळ्यावर पडल्याचं ऐकू येतं. उजाडेपर्यंत टोपली भरायची, मग तो मला मोटरसायकलवरून धानोऱ्याला सोडायचा. हाताचा वास, थेट मोहाच्या दारूसारखा, काही केल्या जायचा नाही. एकदा आमच्या मेडिकल ऑफिसर बाई मायक्रोस्कोपजवळ आल्या, हुंगल्या आणि म्हणाल्या, "काय हो, सकाळी सकाळी?" मी लाजेनं मेले आणि संध्याकाळी त्याला सांगितलं. तो रस्त्यात गाडी थांबवून हसला.

ते दिवस आठवले की अजूनही मला नीट सांगता येत नाही, त्यातला नरेश कितपत होता आणि आजार कितपत. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या वेळी, तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा तेव्हा गाव म्हणायचं, मोहात लय राबला, थकला. मीही तेच म्हणायचे.

याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण मी घुग्घुसची, कोळसा खाणींच्या गावची. माझे बाबा खाणीत शिफ्टवर होते. नाइट शिफ्ट करून ते सकाळी झोपत आणि आमच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा होत नसे. झोप म्हणजे काय चीज आहे हे मला कळायला हवं होतं. पण मोहाच्या दिवसांत कोण झोपतं!

चंद्रपूरला तो अकरा दिवस भरती होता. पहिले तीन दिवस तो वॉर्डमधल्या सगळ्यांना कारखान्यात नोकऱ्या देत होता. चौथ्या दिवशी त्याला झोप लागली ती सोळा तास. माय त्याच्या पायाशी बसून होती. मी बाहेरच्या बाकावर. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचे कोण?" मी जरा अडखळले आणि म्हटलं, "होणारे." ते मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं होतं. बाईंनी पदराच्या गाठीतले फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

घरी जाताना लिथियमच्या गोळ्या दिल्या. लिथियम म्हणजे एक प्रकारचा क्षार, मनाची ही वरखाली आटोक्यात ठेवणारा. तो रक्तात कमी पडला तर उपयोग नाही आणि जास्त झाला तर विषारी. म्हणून ठरावीक काळानं सिरम लिथियम, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण, तपासायचं. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं. डॉक्टरांनी बजावलं, "तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत उन्हात घाम जातो, तेव्हा पाणी भरपूर प्या, मीठ कमी करू नका. आणि बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही." ते मला म्हणाले, "झोपेवर लक्ष ठेवा. झोप आधी बिघडते."

मी लक्ष ठेवलं. असं ठेवलं की विचारू नका. दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी सातला फोन. किती झोपलास? गोळी घेतलीस? चिडचिड आहे का? जास्त बोलावंसं वाटतंय का? सगळं तारखेनिशी वहीत. लॅबमध्ये त्याचं रक्त मीच काढायचे. त्या वहीच्या बळावर दोन मोहाचे हंगाम सुखरूप गेले. त्यानं झाडांवरचा चुना स्वतः घासून काढला आणि त्या म्हाताऱ्याच्या पाया पडला. मला वाटलं, जिंकलो.

दोन्ही घरांनी आधी तोंडं वाकडी केली होती, तो गोंड, आम्ही मूळच्या शेतकरी हिंदू घरातले. मग तीही सरळ झाली. श्रावणात घुग्घुसला साक्षगंध झालं, आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. माय आणि माझे बाबा एकाच ताटलीतून पेढे खात होते तो फोटो अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मोबाईलवर त्याचा मेसेज आला. मी लॅबमध्ये रक्ताची स्लाइड पाहत होते. "हे लगन नाई होऊ शकत. तू चांगली हायेस. फोन करू नोको." मी लगेच फोन लावला. बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. मग कळलं, माझाच नंबर त्यानं ब्लॉक केला होता.

मी रडले नाही. मी वही उघडली. आधीच्या चार रात्री त्याची झोप पाच-पाच तासांची होती. सापडलं! हे तो बोलत नाही, आजार बोलतो आहे. त्या क्षणी मला चक्क हायसं वाटलं.

रजा टाकून मी चंद्रपूर गाठलं. डॉक्टरांनी वही चाळली, मिटली आणि माझ्याकडे सरकवली. "ते माझे पेशंट आहेत. त्यांच्या परवानगीशिवाय मी त्यांच्याबद्दल बोलू शकत नाही." मी म्हटलं, सर, एवढंच सांगा, हे लक्षण आहे ना? ते म्हणाले, "काही वेळा माणूस आजारात नाही म्हणतो. काही वेळा शुद्धीवर असताना. नाही म्हणणं हे काही लक्षण नाही. तब्येत स्थिर असताना तो पुन्हा तेच म्हणाला तर ते त्याचंच म्हणणं समजा." आणि मग म्हणाले, "तुम्ही किती झोपता?"

मी वही उचलून पिशवीत टाकली. तिच्यात माझी एकही रात्र लिहिलेली नव्हती.

पुढच्या आठवड्यात मी मलेरियाच्या दोन स्लाइडवरच्या नावांची अदलाबदल केली. मेडिकल ऑफिसर बाईंनी वेळीच पकडलं म्हणून निभावलं. त्या रागावल्या नाहीत. रजेचा अर्ज त्यांनीच लिहिला, मी फक्त सही केली.

मी घुग्घुसला बाबांकडे गेले. मी सकाळी नऊपर्यंत झोपून राहायचे आणि ते फाटकाची कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी बांधून, बाहेर खुर्ची टाकून बसायचे. दूधवाल्यालाही लांबूनच हात करायचे. पंधरा दिवसांनी मी त्यांना सगळं सांगितलं, वही दाखवली, आजारातून उठला की तो परत येईल हेही सांगितलं. बाबांनी चष्मा काढला.

"बेटा, तो आजारी हाये म्हणून सोडून गेला, का सोडून गेला म्हणून तुले आजारी वाटून राह्यला?"

मी चिडले. वही उचलून आत गेले.

मग मी वाट पाहायला लागले. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांना सांगते, ही वाट पाहणं सगळ्यात वाईट. माणूस गेला तर निदान रडता येतं. इथे मी रोज त्याच्या बरं होण्याची वाट पाहत होते, आणि बरा झाला की तो माझा असं मनाशी धरून बसले होते. दर रविवारी मायला फोन. माय खरं तेच सांगायची. "गोळ्या घेते बाई. जेवते. कामावर जाते." मला आनंद व्हायचा, आणि फोन ठेवल्यावर वाटायचं, बरा आहे तर मग येत का नाही? एकदा तिनं सांगितलं, "काल भाच्याच्या नामकरणात नाचला. मंग घरी येऊन झोपला चांगला." मी विचारलं, माझं काही बोलला? माय म्हणाली, "पोरी, तू जेवून घे."

माघात तो आला. मीही तेव्हा कामावर परतले होते. सकाळी लॅबचं दार उघडलं तर बाकावर बसलेला. हातात चिठ्ठी, सिरम लिथियमची. अंगावर फिका निळा शर्ट, जो आम्ही गडचिरोलीच्या बाजारात घेतला होता. थोडा जाड झाला होता. जोहार म्हणत नमस्कार केला आणि बाही वर सारली.

मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि ट्यूब उचलली. हिरव्या झाकणाची. आमच्या कामातली एक गोष्ट इथे सांगावी लागेल. त्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे औषध असतं त्यातच लिथियम असतं. या तपासणीचं रक्त त्यात घेतलं तर आकडा खोटा वाढून येतो. ही चूक नवशिकाही करत नाही. तसा रिपोर्ट आला असता तर धावपळ झाली असती, त्याला चंद्रपूरला न्यावं लागलं असतं, बरोबर कोण गेलं असतं? मी. ट्यूब माझ्या हातात चुकून आली की नाही, हे मला अजून सांगता येत नाही. मी ती परत ठेवली, लाल झाकणाची घेतली आणि रक्त काढलं.

कापूस दाबून धरत तो म्हणाला, "मॅडम, मेसेजवर नाई सांगाले पाह्यजे होतं. तवा तुह्यासमोर यायची हिंमत नाई झाली. म्हणून आता तोंडानं सांगाले आलो."

"काय?"

"तेच. लगन नाई करत मी."

मी विचारलं, गोळ्या घेतोस? तो म्हणाला, "घेतो. झोपतो, जेवतो. तुह्या वहीत सगळं चांगलंच लिहिलं जाईन."

"मंग काऊन? कारण तं सांग."

तो खाली बघत बोलत राहिला. "दोन वर्सांत तू माह्याशी एक डाव तरी भांडली काय? मी चिडलो तं तू वही काढत होती. मी हसलो तरी वही काढत होती. मी खरा कवा अन् आजारी कवा, हे तूच ठरवत होती. मंग मले माह्यंच समजे नाई. तू वाईट नाई. तुह्यामुळेच मी आज इथी बसून हावो. पण मले बायको पाह्यजे होती, मॅडम."

तेव्हा मी भांडले. बापरे, कशी भांडले! तुले तवा तोंड नव्हतं काय, साक्षगंधात पेढे गिळताना कुठी गेली होती ही अक्कल, माझ्या बापानं मांडव ठरवला होता, पाच महिने मी मेल्यासारखी जगले आणि तू नाचतो नामकरणात? बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. नरेशनं सगळं ऐकून घेतलं. एकदाही हसला नाही, उलट बोलला नाही. त्याचे डोळे भरले होते. मी त्याच्याकडे पाहत होते आणि ओरडता ओरडताच मला कळलं, मी यात काहीच शोधत नाही आहे. डोळे लाल का, बोलणं भरभर का, काही नाही. समोर एक धडधाकट माणूस बसला होता आणि त्यानं माझं मन मोडलं होतं.

"येऊ काय मंग?" त्यानं बाही खाली केली.

"बरं," मी म्हटलं.

मेडिकल ऑफिसर बाईंनी पेशंटना हाकललं आणि मला चहा दिला. त्यांचे आणि त्या चंद्रपूरच्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. बाबांचे तर नाहीच. मायला अजूनही सणासुदीला फोन करते, आमचं नातं कुणी मोडलेलं नाही. मोहाचा वास आला की पहिली आठवण त्याचीच येते, आणि ती आनंदाची असते. तुमच्या जिवाच्या माणसाला हा आजार असेल तर त्याच्या गोळ्यांची काळजी घ्या, झोपेची घ्या, पण कधीतरी त्याच्याशी साधं भांडाही. त्याच्या रागाला राग म्हणा.

तिसऱ्या दिवशी चंद्रपूरहून त्याचा रिपोर्ट आला. लिथियम जेवढं असावं तेवढंच होतं. मी आकडा दोनदा वाचला, रजिस्टरमध्ये उतरवला आणि कागद पाकिटात घातला. ज्या आकड्यासाठी मी इतके दिवस धडपडले तो हाच होता. तो बरा होता, आणि बऱ्या माणसानं मला नाही म्हटलं होतं. मी ते खरं मानलं. त्याला देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच उरलं होतं.